मार्गशीर्षातलं वजन

मार्गशीर्ष लागला की भांडुप स्टेशनबाहेरचा रस्ता हिरवा होतो. आंब्याच्या डहाळ्या, विड्याची पानं, झेंडूचे देठ, कुणाच्या पिशवीतून घरंगळलेलं एखादं बोर. बुधवारी संध्याकाळी पाच फळांचे वाटे लावून बसलेल्या बायकांना बोलायला फुरसत नसते आणि त्यांच्या पलीकडे मासळीवाली मावशी पापलेटांवरच्या माशा वारत बसलेली असते. महिनाभर तिचं तोंड वाकडं. "खा, पाला खा," असं ती मला दर वर्षी ऐकवते. मी हसून पुढे जाते, पण डोळ्यांसमोर वजनकाटा असतो.

मी सदतीस वर्षांची बाई. सकाळी शाळेत पीटी शिकवते, संध्याकाळी मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलींना बॉक्सिंग. माझं अंगपिंड असं की मी काट्याला घाबरते म्हटलं तर लोकांना वाटतं, काटाच हिला घाबरत असेल. वाटू दे. एका मार्गशीर्षात मी काट्यावर उभी राहून रडले आहे, आणि तेही वजन कमी भरलं म्हणून.

यंदा हा महिना जरा जास्तच अंगावर आलाय, कारण रविवारी रेश्माची फायनल आहे. रेश्मा माझ्याकडे चार वर्षं शिकतेय, एकोणीस वर्षांची, टेकडीवर राहते. जिल्ह्याची स्पर्धा, हेवीवेट, म्हणजे मुलींमध्ये एक्याऐंशी किलोच्या वरचा गट. तिच्यासमोर बोरिवलीची मुलगी आहे, दोन वर्षं चॅम्पियन, वजन एकशे चार. आमची चौऱ्याऐंशी. आणि या गटात एन्ट्री आल्यात त्या दोनच. म्हणजे नाव दिलं की थेट फायनल, हरेल तिला सिल्व्हर. वजन करून घ्यायचं, मग वॉकओव्हर देऊन टाकायचा, तरी सिल्व्हर. नाक शाबूत आणि मेडल गळ्यात. त्यामुळे गेले पंधरा दिवस भेटेल तो मला विचारतोय, "तिचा काय चान्स?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगतोय, "चान्स नाय ताई. सिल्व्हर घ्या आणि गप घरी या."

माझं डोकं फिरतं. ज्याने आयुष्यात कुणाची साधी कॉलर धरली नाही तोसुद्धा मला शहाणपण शिकवतो. भाजीवाला, शाळेतले गणिताचे सर, आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी. सेक्रेटरी तर म्हणाला, "वीस किलोचा फरक आहे मॅडम, साधं गणित आहे." मी म्हटलं, साधं गणित असतं तर रिंग कशाला बांधली असती, दोघींना काट्यावर उभं करून मेडल वाटलं असतं. तेव्हापासून तो लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाही.

वजनाचं मला कुणी काय सांगायचं? "जड" हा शब्द मी कळायला लागल्यापासून ऐकलाय. "लेक काय आईबापाला जड होते?" असं चाळीतली एखादी काकू आईला समजावायची आणि मग सगळ्यांची नजर हळूच माझ्याकडे वळायची. विशीत मी ऐंशीच्या पुढे होते. मुलगे बघायला यायचे, दोन-दोन बश्या पोहे हाणायचे आणि चार दिवसांनी निरोप पाठवायचे, "मुलगी चांगली आहे, पण जरा जड वाटते." पोहे कधी कुणाला जड वाटले नाहीत. आई निरोप ऐकायची आणि त्या दिवशी माझ्या ताटात एक भाकरी कमी वाढायची. मी उठून दुसरी घ्यायचे. मग भांडी जरा जोरात आपटायची.

अख्ख्या भांडुपमध्ये माझं वजन आवडणारा एकच माणूस होता, फिलिप सर. गावठाणातले, कारखान्यात फिटर. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत झाडाला वाळूची गोणी टांगून मुलांना शिकवायचे. मी तिथे गेले ती भावाला डबा द्यायला. भाऊ महिन्याभरात पळाला, मी राहिले. मी एकदा चिडून त्यांना सांगितलं की परत एका मुलाने जड म्हणून नकार दिला. ते गोणी शिवत होते. सुई तोंडातून काढून म्हणाले, "जड आहे ना? मग चांगलं आहे पोरी. कोणालातरी जड जाशील." तोपर्यंत मला वाटायचं की जड ही फक्त होण्याची गोष्ट आहे. जड जाताही येतं, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

त्या मार्गशीर्षाला वास होते. पहाटे डोंगराच्या बाजूने थंडी उतरायची, आम्ही पाइपलाइनच्या कडेने धावायचो आणि नाकात शेकोटीत जाळलेल्या टायरचा वास जायचा. घरी आलं की अगरबत्ती, कापूर, ओल्या केसांतली शेवंतीची वेणी. संध्याकाळी गावठाणात गेलं की नाताळची तळणी. एका गल्लीत लोक उपास करत होते आणि दुसऱ्या गल्लीत कढई उतरत नव्हती. मी दोन्ही गल्ल्यांतून रोज जायचे. त्या वर्षीही हेवीवेटमध्ये दोनच एन्ट्री होत्या, मी आणि घाटकोपरची एक. तिच्यासमोर कोणी पहिल्या राऊंडच्या पुढे टिकलं नव्हतं.

आता चूक सांगते, आणि ती आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. आई गुरुवार करायची, माझ्या लग्नासाठी. महिनाभर घरात मासे नाहीत, अंडं नाही. मालवणी माणसाच्या घरात महिनाभर मासे नाहीत म्हणजे काय, ते मालवण्यालाच विचारा. बाबा जेवताना ताटाकडे असे बघायचे की कुणी गेलंय घरातलं. फिलिप सरांनी मला रोज सहा अंडी खायला सांगितली होती, कारण मी जेमतेम ब्याऐंशी होते आणि एक्याऐंशीच्या खाली गेले तर गटातूनच बाहेर. ते रोज विचारायचे, "अंडी खाल्ली?" मी रोज म्हणायचे, "हो सर." खाल्लं एकही नाही. आई माझ्यासाठी उपाशी बसलीय आणि मी स्टेशनबाहेर उभी राहून उकडलेलं अंडं सोलतेय, हे मला जमेना. वर गुरुवारी मीही उपास धरायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. देवीकडे मी लग्न मागत नव्हते, घाटकोपरचीचा पाय मुरगळावा असलं काहीतरी मागत होते, त्यामुळे अंगात थोडी भीतीही होती.

वजन होतं शुक्रवारी सकाळी, म्हणजे बरोबर गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी. मुलुंडच्या एका शाळेत. लढत त्याच संध्याकाळी. आई माझ्याबरोबर आली, कारण मुलींना काट्यावर कमी कपड्यांत उभं करतात असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. पिशवीत पूजेची पाच फळं घेतली, प्रसाद म्हणून. तिथे गेलो तर बाकीच्या गटांतल्या पोरी वजन उतरवायला धावत होत्या. दोन-दोन स्वेटर घालून जिने चढत होत्या, बाटलीत थुंकत होत्या. मी त्यांच्यामधून मान वर करून काट्याकडे गेले. हेवीवेटला कसली काळजी? काट्यावर उभी राहिले आणि वजन घेणाऱ्या मॅडमनी आकडा वाचला. एकोणऐंशी किलो, पाचशे ग्रॅम.

"चुकून मोठ्या गटात नाव दिलं असेल," मॅडम म्हणाल्या. सरांनी वाकून स्वतः आकडा बघितला. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "एक तरी अंडं खाल्लं होतं का गं?" तेव्हा मी रडले. काटा साडेआठपर्यंत चालू होता आणि माझ्याकडे पाऊण तास होता.

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. शाळेच्या नळावर मी अर्धा लिटर पाणी प्यायले. मग सफरचंद, मग केळं, मग चिकू, मग संत्रं, मग पेरू. देवीपुढची पाचही फळं माझ्या पोटात गेली. मग परत पाणी, मग आईने तिच्यासाठी आणलेला गूळ-चपातीचा डबा. बाथरूमला जायची सोय नाही, कारण जाईल ते वजनच. शेजारी एक बारकी पोरगी अर्ध्या किलोसाठी दोरीवर उड्या मारत रडत होती आणि मी दीड किलोसाठी चपाती कोंबत रडत होते. आम्ही एकमेकींकडे बघून हसलोही. परत काट्यावर गेले तर अजून तीनशे ग्रॅम कमी होते आणि पाणी गळ्याशी आलं होतं. एक घोट जास्त झाला असता तर सगळंच बाहेर आलं असतं.

सरांच्या पिशवीत त्यांच्या बायकोने दिलेला पत्र्याचा डबा होता. त्यात फुगे. मैद्याचे गोल, तळलेले, आतून पोकळ, नाताळात गावठाणात घरोघरी करतात ते. सरांनी डबा उघडला आणि तसाच धरून ठेवला. आईने विचारलं, "त्यात अंडा आसा?" सरांना खोटं बोलता यायचं नाही. म्हणाले, "आहे."

मी आईकडे बघितलं नाही. मी जमिनीकडे बघत होते. वर्षभर निरोप ऐकलेली बाई, महिनाभर उपाशी राहिलेली, आणि तिची लेक तिच्यासमोर व्रत मोडायला बसलेली. आईने सरांच्या हातातून डबा घेतला, एक फुगा उचलला आणि माझ्या तोंडाशी धरला. "खा गो. देवीक मी काय ता सांगतंय." मी म्हटलं, आई, तू लग्नासाठी धरलेयस ना गुरुवार. तर म्हणाली, "लग्नासाठीच धरलंय. पण आता हयसून परत गेलंस तर तुझा तोंड माका वर्सभर बघूचा लागतला." असं बोलून तिने दुसरा फुगा उचलला. मी आठ खाल्ले. काटा एक्याऐंशीच्या पुढे शंभर ग्रॅम गेला. आईने काट्यालाच हात जोडले आणि मॅडम बिचाऱ्या गोंधळून उभ्या राहिल्या.

लढतीचं मी फार सांगत नाही, कारण हरलेल्या माणसाने लांबण लावली की लोक कीव करतात. तेव्हा आमचे चार राऊंड असायचे, दोन-दोन मिनिटांचे. पहिल्यात तिचा उजवा हात माझ्या हेडगार्डवर असा बसला की कालची आरती परत कानात वाजली. दुसऱ्यात पाच फळं आणि आठ फुगे वर आले, मी गिळले. सर कोपऱ्यात एवढंच म्हणाले, "पोरी, ती इथपर्यंत कधी आलीच नाय. ह्याच्या पुढचा रस्ता तिला माहीत नाय." आणि खरंच. तिसऱ्यात तिचं तोंड उघडं पडलं, खांदे खाली आले. मी डावा मारला, परत डावा मारला, मग उजवा. ती दोरीवर गेली. रेफरीने मला बाजूला केलं आणि तिच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवत मोजायला लागला. आठपर्यंत मोजलं. तिच्यावर आजवर कुणी मोजलं नव्हतं. मी कोपऱ्यात उभी राहून एकेक आकडा ऐकला आणि मला माझं सगळं वजन, बोटांपासून टाचांपर्यंत, पहिल्यांदा आवडलं.

चौथ्यात ती सावरली. पॉइंटवर जिंकली. तिचं चुकलं काहीच नाही, ती चांगली होती. मला सिल्व्हर.

सर्टिफिकेट लिहिणाऱ्या माणसाने माझं नाव घातलं, पुढे "द्वितीय" लिहिलं आणि माझा सुजलेला डोळा बघून सहज म्हणाला, "न उतरता पण हेच मिळालं असतं ना?" मी त्याला मारलं नाही. ग्लोव्हज काढून ठेवले होते म्हणून. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात पंधरा वर्षं बसलाय आणि दर मार्गशीर्षात उठतो. तेच मेडल, तोच कागद, तेच अक्षर. मग मी काय मिळवलं? कधी कधी, अगदी खरं सांगते, उत्तर सापडत नाही. लग्न पुढे झालं, नवरा बरा आहे, चहा चांगला करतो. मेडल कपाटात साड्यांखाली असतं. पण तो माणूस चूक होता, हे मला माहीत आहे, जसं भाताला मीठ कमी पडलंय हे जिभेला माहीत असतं.

बुधवारी रेश्माचे पप्पा शेडवर आले. रिक्षा चालवतात, साधा माणूस, उगाच आवाज चढवणारा नाही. रिक्षा बाहेर चालूच ठेवली होती. म्हणाले, "ताई, तिला पोलीस भरतीला सर्टिफिकेट लागतंय. ते बसल्याजागी मिळतंय. मग नाक कशाला फोडून घ्यायचं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. ते बाहेर जाऊन रिक्षा बंद करून आले. मग म्हणाले, "मी नको बोललो तर ती ऐकेल. मग जन्मभर मला बोलत राहील. म्हणून तुम्ही बोला ना." मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी एवढंच सांगितलं की मी तिला नको म्हणणार नाही, आणि जा असंही म्हणणार नाही. मान हलवून गेले.

त्या संध्याकाळी मी रेश्माला समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. उतरलीस काय, नाही उतरलीस काय, कागद तोच मिळणार. तिने हाताला बांधायची पट्टी गुंडाळली, पिशवीत टाकली, गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी शेडमध्ये एकटी बसले आणि मला वेगळीच भीती वाटायला लागली. माझी जुनी खुन्नस मी ह्या पोरीच्या अंगावर तर चढवत नाहीये? पंधरा वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाला उत्तर द्यायला मी दुसऱ्याच्या लेकीचं नाक पणाला लावतेय का? हो म्हणायला लाज वाटते आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि तरीही चान्सचं म्हणाल, तर ऐका. मी बोरिवलीच्या मुलीच्या सगळ्या लढती बघितल्यात. तिचा उजवा हात बसला की समोरचीचं दार बंद होतं, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांत ती एकदाही पहिल्या राऊंडच्या पुढे गेलेली नाही. तिसऱ्या राऊंडमध्ये ती कशी असते हे मला माहीत नाही, तिच्या सरांना माहीत नाही, तिला स्वतःलाही माहीत नाही. आणि आमची रेश्मा टेकडीवर राहते. नळ खाली, घर वर. सातवीपासून रोज दोन कळश्या घेऊन ती त्या पायऱ्या चढतेय. दम लागणं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको, दम लागल्यावर पुढची पायरी कशी चढायची तेही नको. आता तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात. पहिली तीन मिनिटं ती पायांवर उभी राहिली, तर पुढच्या सहा मिनिटांबद्दल भांडुपपासून बोरिवलीपर्यंत कुणीही छातीठोकपणे बोलू नये. चान्स आहे. थोडाच आहे, पण आमचा आहे, आणि तो आम्ही सेक्रेटरीच्या गणितापायी सोडून देणार नाही. असं मी शेडमधल्या गोणीला सांगत होते, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

आज शनिवार. संध्याकाळी शेड उघडलं तर रेश्मा पायरीवर बसलेली. दोन दिवस कुठे होतीस, मी विचारलं नाही. तिने एका हाताला पट्टी बांधली, दुसरा हात माझ्यापुढे केला आणि माझा फोन वाजला. बोरिवलीच्या मुलीचे सर. सभ्य माणूस आहे, वाईट बोलत नाही. मी फोन स्पीकरवर टाकला, कारण माझे हात रेश्माच्या पट्टीत अडकले होते.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "आमची पोरगी हात राखून मारत नाही, तुम्हाला माहितीये. तुमची पोरगी अजून लहान आहे. कशाला उतरवता? आम्ही काय कुठे पळत नाही. आणि हे बघा, सिल्व्हर तर तिचं पक्कंच आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेश्माने बांधलेल्या हाताने फोन उचलून तोंडाजवळ धरला. आवाज अगदी शांत होता, दुकानात साखर मागावी तसा.

"सर, आम्ही दोघीच आहोत ना? मग सिल्व्हर तुमच्या पोरीचं पण पक्कं आहे. तिला नको असेल, तर उद्या तिला उतरावं लागेल."